माणिकराव आणि बिगर टॅगचं फूल

माणिकराव बिस्किटाचा पुडा खालून फोडतात.

ते आमच्या शेजारी राहायला आले, त्याच संध्याकाळी मी त्यांना चहाला बोलावलं होतं. मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुडा फोडायला घेतला आणि माणिकराव असे ताडकन उठले, की मला वाटलं खुर्चीत विंचू निघाला. त्यांनी पुडा तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला, उलटा धरला, बुडाशी नखानं अलगद फोडला आणि बिस्किटं बशीत ओतली. मग रिकामा कागद नीट सरळ करून माझ्या हातात दिला.

"ठिवा जपून, गुर्जी. नाव, तारीख, बॅच नंबर, समदं शाबूत हाय. उद्या तकलीफ झाली तर दाखवाल काय?"

बिस्किटानं होऊन होऊन काय तकलीफ होणार? तो कागद मी खरोखरच आठवडाभर जपून ठेवला होता, हे सांगायला आता लाज वाटते.

नंतर उलगडा झाला. माणिकरावांची सगळी नोकरी बियाण्याच्या सरकारी खात्यात गेली. सेनगावपासून आखाडा बाळापूरपर्यंत जिथं म्हणून सोयाबीनचा बीजप्लॉट, म्हणजे बियाण्यासाठी राखलेलं शेत असेल, तिथं हे एसटीनं किंवा जीपला लटकून जायचे, पीक तपासायचे, आणि पास झालं तर बियाण्याच्या पिशवीला सरकारी खात्रीचा टॅग लागायचा. पिशवी शेतकऱ्याच्या हातात पडली की ह्यांचा एकच उपदेश, पिशवी खालून फोडा, तोंडाशी शिवलेला टॅग फाटू देऊ नका. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? उपदेश सोळा आणे खरा. पण माणिकरावांनी तो सोयाबीनपुरता ठेवला नाही, अख्ख्या सृष्टीला लावला.

"टॅग कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "बिगर टॅगचं काही खरं न्हाई" हा शेवटचा निकाल. एकदा आमच्याकडं पाहुण्यांनी आंबे आणले. मी एक फोड त्यांच्यापुढं केली आणि कौतुकानं म्हणालो, "केशर आहे."

"कोन म्हनतं?"

"विकणारा म्हणाला."

"मग विकनाऱ्याचा आंबा म्हना. केशर कशाला म्हनता?"

आंबा गोड होता. पण त्या दिवशी तो खाताना माझं मलाच लबाडी केल्यासारखं वाटत राहिलं.

हे एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण बीजप्लॉटमध्ये दुसरं एक काम असतं, ते म्हणजे भेसळ काढायची. जांभळ्या फुलांच्या सोयाबीनमध्ये पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की ते मुळासकट उपटायचं. मी कुंपणाकडेला गुलाबी सदाफुली लावली होती आणि मध्ये मुद्दाम, शोभेसाठी, पांढरी. एका सकाळी दार उघडतो तर माणिकराव पायरीवर हजर. हातात माझ्या पांढऱ्या सदाफुलीची जुडी, मुळांना ओली माती.

"भेसळ काढून टाकली, गुर्जी. आता प्लॉट पास व्हायला हरकत न्हाई."

कळस झाला तो आमच्या दिवाणखान्यात. भिंतीवर आमच्या घरच्यांचा फोटो आहे. आम्ही सगळे काळेसावळे, ठेंगणे, आणि धाकटा भाऊ गोरापान, उंच. माणिकराव फोटोपुढं उभे राहिले, डोळे बारीक केले आणि भावावर बोट ठेवून म्हणाले, "हे येगळंच रोप दिसून राहिलं. काहून?"

माझी आई तिथंच भाजी निवडत बसली होती.

तिनं भाजीची परात उचलली आणि आत निघून गेली. त्यानंतर किती तरी दिवस माणिकराव आले की आमच्या घरातली साखर संपलेली असायची. त्या बिचाऱ्यांना मात्र आपण काय बोललो ह्याचा पत्ताच नव्हता. "सरकारी शिक्षक आन् घरात साखर न्हाई," असं म्हणून त्यांनी एकदा स्वतःच्या घरून साखर आणून दिली. पिशवी अर्थातच खालून फोडलेली.

तर असा हा माणूस. आता पुढचं ऐका.

वैशाखाचे दिवस होते. आमच्याकडचा वैशाख म्हणजे दुपारी कावळासुद्धा बोलायला तोंड उघडत नाही. मी त्यांची शिडी परत करायला गेलो तर माणिकराव आणि सुशीलावहिनी, नवरा-बायको दोघं पंख्याखाली घामानं निथळत बसलेले, आणि घरातला एकुलता एक कूलर न्हाणीघराच्या दारात, तोंड आत करून, घरघर फिरतोय.

"न्हाणीघरात कोण आहे?" मी दबकून विचारलं.

"बगा की," माणिकराव म्हणाले.

मी वाकून पाहिलं. चारी बाजूंनी ओलं गोणपाट, मध्ये पाट, पाटावर कुंडी, कुंडीत एक रोप. जमिनीलगत पसरलेली, गडद आणि फिक्या हिरव्या ठिपक्यांची पानं. फूल नाही, कळी नाही. ह्या रोपट्यासाठी माणसं शिजत होती! आणि कुंडीत खोचलेली पांढरी प्लास्टिकची पट्टी चक्क कोरी.

अशी संधी पुन्हा येणार नव्हती. सदाफुलीचा, आंब्याचा आणि आईच्या अब्रूचा हिशेब एकदमच चुकता करावा म्हणून मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "माणिकराव, टॅग कुठंय?"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं होतं ते भांडतील, निदान काही तरी फेकून मारतील. ते खालीच बघत राहिले. तेवढ्यात सुशीलावहिनी उठून आल्या. त्यांनी त्या पानावरून, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि पुटपुटायला लागल्या, "हिचं नाव... हिचं नाव..." ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून. "हिचं नाव..." बघता बघता त्यांना रडू कोसळलं. त्यांनी माणिकरावांची बाही घट्ट धरली.

"सांगा ना हो, भाऊ. हिचं नाव काय?"

भाऊ! मी हबकलो. वहिनींना विसर पडतो हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं, कुलूप लावून किल्ली आत राहायची. वय झालं की होतं, असं आम्ही म्हणायचो. पण त्या नवऱ्यालाच ओळखेनाशा झाल्यात, हे आम्हा भिंतीपलीकडच्या माणसांना ठाऊक नव्हतं.

त्यांना पलंगावर बसवून माणिकराव बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"कधी वळखते, कधी न्हाई. पुतनीच्या बाळंतपनाला पुन्याला गेली व्हती, तवा तिथल्या फुलांच्या प्रदर्शनातून आनलं हे. आर्किड हाय. हितवर मांडीवर घिऊन आली यष्टीत, कुंडी खाली ठिवली न्हाई. रोज सकाळी पानी घालताना नाव घिऊन बोलायची त्याच्याशी. कायतरी इंग्रजी लांबलचक नाव व्हतं. मी म्हनायचो, बिगर कामाचं झाड हाय, न फळ न दाना. कधी कान दिला न्हाई. पट्टीवर लिवलेलं व्हतं, ते आपल्या उन्हानं उडून गेलं."

न्हाणीघरात वाकून त्यांनी ती कोरी पट्टी उपटली आणि माझ्यापुढं धरली.

"गुर्जी, समद्या जिल्ह्याचे टॅग तपासले. घरातला येक वाचला न्हाई."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुन्या ओळखीच्या गोष्टी त्यांच्याशी बोलत राहा. रोज सकाळी वहिनी त्या कुंडीपाशी जायच्या, नावापाशी अडायच्या आणि रडायच्या. ते एक नाव कळलं तर निदान ते रडणं तरी थांबेल, एवढीच माणिकरावांची आशा. खरं सांगतो, मला मान वर करवेना.

मग शोध सुरू झाला, आणि मीही त्यात ओढला गेलो. रोप कॉलेजच्या प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून सांगितलं, "हे ऑर्किड आहे." नांदेडच्या नर्सरीवाल्यानं पान दाबून पाहिलं आणि विचारलं, "प्लास्टिकचं है क्या?" मग मी मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं ॲप घेतलं. त्यानं पहिल्या फोटोला एक नाव दिलं, दुसऱ्याला दुसरं. तिसऱ्या फोटोत चुकून माणिकरावांचं नाक आलं, तर त्याला अळिंबी म्हणून मोकळं झालं. माणिकरावांनी तेव्हापासून ॲपशी बोलणं सोडलं.

शेवटी ऑर्किडवाल्यांच्या एका ग्रुपवर पुण्याच्या एक बाई भेटल्या, नीलिमाताई. त्यांनी पानाचा फोटो पाहून सांगितलं, हे स्लिपर ऑर्किड, आणि बहुतेक संकर. मी आपला बावळटासारखा म्हणालो, "अंदाजानं एखादं नाव सांगा, काम भागेल."

"अंदाजानं?" बाई फोनवर कडाडल्या. "संकराला अंदाजानं नाव द्यायचं नसतं. सारखे दिसणारे दहा निघतात. आई-बाप कोण हे माहीत नसेल तर पट्टी कोरी ठेवायची, खोटं नाव लिहायचं नाही. हा आमच्यातला नियम आहे."

स्पीकर चालू होता. माणिकरावांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी तेज आलं. "गुर्जी," ते माझ्या कानात म्हणाले, "ही बाई आपल्या खात्याची हाय."

बाईंनी मात्र एक वाट दाखवली. त्या वर्षीच्या प्रदर्शनात असली रोपं विकणारा एकच माणूस होता आणि त्यानं तीनच संकर आणले होते. तिन्हींची पानं सारखी, फुलंही लांबून सारखी. पण फुलाच्या बरोबर मध्ये नखाएवढी ढाल असते, ती तिघांची तीन तऱ्हेची. "फूल आलं की मला ती ढाल दाखवा. मग मी छातीठोकपणे नाव सांगेन."

आता फक्त फूल यायचं होतं. वहिनींच्या हातून त्याची निगा सुटल्यापासून ते आलेलं नव्हतं.

श्रावणात कळी धरली.

माणिकरावांनी ही बातमी मला सांगितली ती शाळेत, चालू वर्गात, खिडकीतून. पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं साहेब आले. त्या दिवसापासून ह्या माणसाला झोप नाही. कुंडी न्हाणीघरातून ओसरीवर आली, कारण कळीला उजेड हवा. आणि ओसरीवर आली म्हणजे संकट आलं, कारण श्रावण. आमच्या कॉलनीत श्रावणात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या हातात काठी नसते, पिशवी असते. कुणाची जास्वंद, कुणाची तगर, कुंपणाबाहेर आलं ते देवाचं आणि आत असलं तरी हात पुरला तर देवाचंच. ह्या पुण्यकर्मात माझी मंदा अग्रेसर, हे मला इथं सांगावं लागतंय.

फूल उमलायला लागलं आणि मंदा कुंपणाला टेकून बघतच राहिली. वर पांढऱ्या पाकळीवर जांभळ्या रेघा, दोन्ही बाजूंना लव असलेल्या पाकळ्या, त्यांवर तिळाएवढे काळे ठिपके आणि खाली पुढं आलेली गोल पिशवी.

"अगंबाई! शंकराला वाहिलं तर किती शोभेल," ती म्हणाली.

माणिकरावांचा रंग उडाला. पण हुशार माणूस. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली, 'हे चपलेचे फूल आहे. देवाला चालत नाही.'

कॉलनीत हलकल्लोळ झाला. बायका लांबून यायच्या, पिशवीचा आकार बघायच्या आणि कानाला हात लावायच्या. "व्हय गं, हुबेहूब चपलेचं टोक हाय!" मंदा तर मटकन खालीच बसली. "काल मी हे शंकराला वाहिलं असतं," ती मला दिवसभर सांगत होती, "चप्पल! शंकराच्या डोक्यावर चप्पल!" पण पाटीनं काम चोख केलं. फुलाकडं कुणी हात नेला नाही.

माणिकरावांनी ढालीचे पुष्कळ फोटो काढून पाठवले. प्रत्येक फोटोत ढालीच्या जागी त्यांचा अंगठा होता. बाईच वैतागल्या. म्हणाल्या, फूल पूर्ण उमलू द्या, रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल करते, फोन गुरुजींनी धरायचा.

रविवारी मी फोन चार्ज करून, काच पुसून, इस्त्रीचा सदरा घालून निघालो. फाटकातच माणिकराव दिसले. कुंडीपुढं उकिडवे बसलेले. हिरवा दांडा उभा होता आणि त्याच्या टोकाला काही नव्हतं.

मी खरं सांगतो, पहिली आठवण मला मंदाची झाली. माणिकरावांनाही झाली असावी, कारण ते उठले आणि आमच्या घराकडं बघून ओरडले, "वैनी! फूल कुठंय?"

मंदा पदराला हात पुसत आली. दांडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि जी कडाडली! "चपलेचं फूल मी देवाला वाहीन? तुम्ही मला समजता काय? आणि तुम्ही, नवरा असून असे संशयानं बघता?" मी काही बोलणार, तेवढ्यात हातातला फोन वाजला. नीलिमाताई. मी गोंधळून उचलला. पडद्यावर बाई वही-भिंग घेऊन तयार. "नमस्कार! दाखवा फूल."

त्याच वेळी आतलं दार उघडलं.

सुशीलावहिनी बाहेर आल्या. कित्येक महिने त्या गाऊनमध्ये आणि विस्कटलेल्या केसांत असायच्या. आज हिरवं लुगडं नेसल्या होत्या, थोडं वाकडंतिकडं, पण नेसल्या होत्या. कपाळाला कुंकू. केस विंचरून अंबाडा घातलेला, आणि अंबाड्यात ते फूल. रडणं नाही, पुटपुटणं नाही.

त्या सरळ माणिकरावांपाशी आल्या आणि नवी नवरी लाजावी तशा लाजून म्हणाल्या, "भाऊ, बरं दिसतंय का? आमचे हे यायचेत आता ड्युटीवरून. सेनगावच्या गाडीनं. त्यांना दाखवायचंय."

"लई चांगलं दिसून राहिलं," माणिकराव म्हणाले.

"त्यांना आवडंल?"

"आवडंल की. काहून न्हाई आवडनार?"

"मग तुमी सांगू नका आधी."

"न्हाई सांगत."

फोनमधून बाई विचारत होत्या, "हॅलो? ऐकू येतंय का?" मी भानावर आलो. फूल तोडलेलं असलं तरी टवटवीत होतं, ढाल जागच्या जागी होती. मी माणिकरावांच्या कानाशी लागलो. "अजून वेळ गेलेली नाही. काढून घ्या हलकेच, एका मिनिटाचं काम आहे. नाव कळेल, माणिकराव!" आणि मीच अंबाड्याकडं हात नेला.

वहिनी दचकून मागं सरकल्या. दोन्ही हात फुलावर. "हात नका लावू! त्यांना दाखवायचंय म्हनलं ना!"

माणिकरावांनी माझं मनगट धरलं. ह्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या, गुर्जी. बंद करा फोन."

"अहो, पण नाव—"

"बंद करा म्हनलं ना."

मी बाईंना कसंबसं सांगितलं, फूल तोडलं गेलं. त्या हळहळल्या. दुसरं कधी येईल सांगता येत नाही, म्हणाल्या. मी फोन खिशात टाकला तोवर माणिकराव घरात शिरले होते. खुंटीवरची जुनी खाकी शबनम त्यांनी खांद्याला अडकवली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. मला वाटलं, रडायला गेले. मी आणि मंदा तिथंच, काय करावं न कळून उभे. वहिनी ओसरीच्या खांबाला टेकून रस्त्याकडं बघत होत्या.

थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली.

माणिकराव आत आले. केस ओल्या हातानं बसवलेले, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, खांद्याला शबनम. गाडीतून आत्ताच उतरल्यासारखे पायातले जोडे झटकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आलो गं, सुशीला."

वहिनींचा चेहरा असा उजळला, की मंदानं माझा दंड धरला. "आलात?" त्या म्हणाल्या, "आज लवकर सुटली का गाडी?" आणि त्यांनी फूल दिसावं म्हणून मान हळूच वळवली.

ढाल अगदी माणिकरावांच्या डोळ्यांसमोर आली. सबंध श्रावण ज्या नखाएवढ्या ढालीसाठी त्यांनी जीव टाकला, ती आता हातभर अंतरावर, स्वच्छ उजेडात होती. ते फुलाकडं बघतच नव्हते.